शेंडा मारायच्या आधी: कोकणातल्या बागेतले ‘पाइन’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर. पुळणीच्या अंगाला सुरूची रांग, फाटकाच्या दोन्ही बाजूंना मजल्यामजल्यांच्या फांद्यांची दोन ‘ख्रिसमस ट्री’, परसात लांब सुयांचा एक पाइन आणि पडवीसमोर कुंड्यांत मोरपंखी. नर्सरीवाल्याने सगळी ‘पाइनचीच जात’ म्हणून दिली. आता त्यांना जपानी बागांच्या फोटोंत असतो तसा आकार द्यायचा आहे. शिवाय फाटकाजवळचे एक झाड विजेच्या तारेला टेकत आले आहे, त्याचा शेंडा मारावा असे घरात ठरत आले आहे.

शेंड्याला हात लावू नका. बाकीचे सावकाश वाचा, पण पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्या माणसाला, सांगून ठेवले असेल तर आधी त्याला थांबवा.

आपल्याकडे छाटणीचा हात तयार होतो तो आंब्यावर, जास्वंदीवर, कढीपत्त्यावर. जून लाकडात कुठेही काप घेतला तरी सालीखालचे डोळे जागे होतात आणि थोड्याच दिवसांत धुमारे फुटतात. सूचिपर्णी झाडांत बहुतेक वेळा तसे होत नाही. फांदीच्या ज्या भागावर हिरवे उरलेले नाही तिथे कापले की नुसता खुंट राहतो, तो वाळतो आणि पावसाळ्यात कुजतो. त्यामुळे सिकेटर उचलण्याआधी एकच गोष्ट बघायची: हे झाड पुन्हा कुठून फुटते. तुमच्या चार झाडांची याला चार वेगळी उत्तरे आहेत, आणि त्यांतला खरा पाइन एकच आहे, परसातला.

फाटकाजवळची जोडी आरोकेरियाची आहे. हे झाड ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावरचे. कॅप्टन कुक १७७४ साली तिथे पोचला तेव्हा या सरळसोट खोडांतून जहाजांच्या डोलकाठ्या निघतील असे त्याला वाटले होते. लाकूड त्या कामाला टिकले नाही, पण शोभेचे झाड म्हणून ते जगभर गेले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला ते चांगले तोंड देते, म्हणून किनाऱ्यावरच्या बंगल्यांसमोर ते शोभतेही आणि जगतेही. त्याची सगळी शोभा भूमितीत आहे. मधला एक शेंडा सरळ वर जातो आणि ठरावीक अंतराने चार ते सात फांद्यांचा एक मजला सोडतो. शेंडा ‘वर जायचे’ जाणतो, बाजूची फांदी ‘आडवे जायचे’ जाणते, आणि ती ही सवय सोडत नाही. बाजूच्या फांदीची काडी लावून रोप केले तरी ते जमिनीलगत आडवेच पसरते. म्हणून रोप घेताना वरून बघावे: फांद्या चहूबाजूंनी चक्राकार सुटलेल्या हव्यात. एकाच पातळीत पंख्यासारखे पसरलेले रोप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता शेंडा मारला तर काय होते? कापाच्या खालून, खोडातून, दोन-चार नवे शेंडे उभे राहतात. झाडाचा सुळका जातो, वर फाटे फुटतात आणि हे नवे शेंडे खोडाला नीट जुळलेले नसल्याने पुढच्या वादळात तिथूनच चिरतात. उंची तर काही वर्षांत पुन्हा तारेपर्यंत येतेच. म्हणजे झाड कुरूप झाले, धोका वाढला आणि तार होती तिथेच राहिली. तारेखालच्या आरोकेरियाला छाटणीने भविष्य देता येत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. झाड अजून माणसाच्या उंचीचे असते तर मुळांचा मोठा गोळा धरून जूनच्या पहिल्या पावसांनंतर हलवता आले असते. तुमचे तारेला पोचले आहे. ते तुकड्यातुकड्यांनी वरून खाली उतरवावे, त्याआधी महावितरणकडून वीज बंद करून घ्यावी, आणि नगरपंचायतीच्या हद्दीत असाल तर झाड तोडायच्या परवानगीची चौकशी करावी. जोडीतले दुसरे झाड तारेपासून दूर आहे, त्याला मोकळे वाढू द्या. जोडी मोडेल म्हणून वाईट वाटेल, पण फाटकाला दोन्ही बाजूंना सारखेच झाड हवे हा आग्रह तसाही जरा लग्नाच्या मांडवासारखा आहे.

राहिलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या गाडी वळवायला आड येतात असे तुम्ही लिहिले आहे. त्या काढल्या तर खालचा मजला परत येणार नाही. नर्सऱ्यांत आरोकेरियाच्या दोन जाती सर्रास मिसळून येतात. अरुंद खांबासारखी वाढणारी, सालीचे पातळ पापुद्रे निघणारी कुक पाइन जुनी झाली की खोडावर आखूड नव्या फांद्या काढते, पण त्याही मूळच्या पसरट मजल्यासारख्या होत नाहीत. म्हणून शक्य असेल तर गाडीची वाट बदला. नाहीच जमले तर अख्खा एक मजला खोडालगत स्वच्छ काढा. अर्धवट टोके कापून ‘गोलाई’ आणायचा प्रयत्न करू नका. टोक कापलेली फांदी कायमची बोथट दिसते. वाळलेल्या फांद्या मात्र दरवर्षी काढाव्यात. आरोकेरियाच्या बाबतीत छाटणी म्हणावी अशी एवढीच.

वादळात शेंडा आपोआप मोडला तर गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेले. या दोन्हींनंतर शेंडा मोडलेल्या आरोकेरिया मी भरपूर पाहिल्या. घाई करायची नाही. मोडका भाग तिरक्या स्वच्छ कापाने काढावा, म्हणजे पाणी साचत नाही. मग नवे शेंडे वीतभर होईपर्यंत वाट बघावी. त्यांतला सर्वांत सरळ, खोडाच्या मध्याजवळचा एक निवडावा, बाकीचे कोवळे असतानाच खुडावेत आणि निवडलेल्याला बांबूच्या काठीचा आधार द्यावा. काठी शेंड्याला थेट न बांधता खालच्या खोडाला दोन ठिकाणी घट्ट बांधावी आणि शेंड्याला सैल फास द्यावा. एक-दोन वर्षांत नवा शेंडा खोडात मुरतो आणि मोड शोधावी लागते.

कललेल्या आरोकेरियाबद्दल लोक घाबरून विचारतात. कुक पाइन विषुववृत्ताकडे झुकते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या झाडांची मापे घेऊन दाखवले गेले. सरासरी कल सुमारे साडेआठ अंश निघाला. आपल्याकडे म्हणजे तो दक्षिणेला. तेव्हा वर्षानुवर्षे दक्षिणेला थोडे झुकलेले झाड पडायला आलेले असेलच असे नाही. बघायचे ते बुंध्याशी. वाऱ्याच्या बाजूची माती उचलली गेली आहे का, भेग पडली आहे का, कल एका रात्रीत आला आहे का. यांतले एकही उत्तर ‘हो’ असेल तर झाडाखाली गाडी लावू नका आणि माणूस बोलवा.

आता परसातला खरा पाइन. तीन-तीन सुयांचे जुडगे, सुया लांब, आणि तुम्ही म्हणता तसे ‘नुसताच वर जातो, फांदीच काढत नाही’, यावरून तो कॅरिबियन पाइन असावा. उष्ण, दमट सखल भागात या जातीला ही खोड असते: ऋतू बदलल्याची स्पष्ट खूणच न मिळाल्याने शेंडा थांबत नाही आणि वर्षानुवर्षे बिनफांदीचा सुयांचा झुपका वर चढत राहतो. हिमालयातल्या चीड पाइनला थंडी मिळते, तो वाढतो, थांबतो, पुन्हा वाढतो. आपल्या दमट हवेत ती लय बिघडते. पण झुपका कोवळा आहे तोवर उपाय आहे. शेंड्याचा वरचा हिरवा, मऊ भाग बोटांनी खुडायचा. खाली सुया शाबूत असल्या पाहिजेत, कारण नवे कोंब सुयांच्या जुडग्यांतूनच निघतात. झाड डोक्याएवढे आहे तोवर हे करून घ्यावे. शिडी लागायला लागली की तेवढ्या तत्परतेने कोणी करत नाही.

पाइनला आकार देण्याचे खरे काम कात्रीचे नसून बोटांचे आहे. नवी वाढ मेणबत्तीसारख्या उभ्या कोंबाने येते. कोंब लांबला आहे पण सुया अजून त्याला चिकटून आहेत, ती वेळ पकडायची. मधला जोरकस कोंब अर्ध्याहून थोडा जास्त मोडायचा, बाजूचे थोडेच, दुबळ्यांना हात लावायचा नाही. चिमटीत धरून कट्कन मोडला की झाले. कात्रीने कापले तर अर्ध्या सुयाही कापल्या जातात आणि त्यांची टोके तपकिरी होऊन महिनोन्महिने डोळ्यांत खुपतात. कोंब पूर्ण काढून टाकलात तर त्या फांदीची वाढ तिथेच अडते. थंड प्रदेशात हे काम वसंतात एकदाच येते. आपल्याकडे कोंब वर्षातून अनेकदा येतात, पण मी पावसाळ्यानंतरच्या, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या फुटीवरच हात चालवतो. पावसाळ्यातली जखम ओलीच राहते, बुरशीला आमंत्रण मिळते. हाताला लागलेला चीक साबणाने जात नाही. खोबरेल चोळा, मग साबण लावा.

फांद्या खाली वाकवून पसरट करायच्या असतील तर लोक बोन्सायसारखी तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळतात. आपल्या हवेत झाड इतक्या वेगाने जाडावते की तार विसरली की सालीत रुतते. परसातल्या झाडाला काथ्याचा सुंभ बरा. फांदीवर आधी गोणपाटाचा तुकडा, त्यावर सुंभ, आणि खाली खुंटीला ताण. दर महिन्याला थोडा ओढायचा. कालांतराने तो कुजून सुटतो, तोवर फांदी वळलेली असते. राहिली तर दिवाळीनंतर पुन्हा बांधायची. फांद्यांच्या आतल्या बाजूच्या जुन्या, पिवळसर सुया हिवाळ्यात हाताने ओढून काढल्या की आत ऊन-वारा खेळतो. जपानी फोटोंतले ते ढगासारखे दाट थर मात्र इथे जपून करावेत. धो धो पावसाच्या चार महिन्यांत त्या थरांवर पालापाचोळा साचतो, खालचे सगळे ओले राहते आणि आतून करपत जाते. थर विरळ ठेवा, एकातून दुसरा दिसला पाहिजे.

याच पाइनच्या मुळाशी दोन गोष्टी तपासा. कातळ फोडून खड्डा केला असेल तर पावसाळ्यात तो डबके होतो; उताराच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर द्या, नाहीतर वरची सगळी कारागिरी फुकट. आणि पाइनच्या मुळांना एका विशिष्ट बुरशीची सोबत लागते. जिथे कधीच पाइन नव्हता त्या मातीत ती नसते, आणि उष्ण प्रदेशांत सुरुवातीच्या कित्येक पाइन लागवडी याच कारणाने खुरटल्या होत्या. झाड पिवळे, खुरटे वाटत असेल तर निरोगी पाइनखालची घमेलेभर माती आणून आळ्यात मिसळा. जांभ्याची आंबट माती पाइनला मानवते. शिंपल्यांचा चुना असलेल्या पुळणीत तो पिवळा पडतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होत असेल तर ते याला देऊ नका, माडाला द्या.

सुरूची रांग. सुरू पाइन नाही, फुलांचे झाड आहे. त्याचे हिरवे धागे म्हणजे सुया नसून सांध्यासांध्यांच्या बारीक डहाळ्या आहेत, आणि मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू असल्याने ते नुसत्या वाळूतही वाढते. कोवळेपणापासून कातरले तर सुरूचे कुंपण फार देखणे होते: कमरेएवढी रोपे झाली की शेंडे मारायचे (इथे चालते), मग पावसाळा सरल्यावर, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये हलके कातरायचे, खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद ठेवायची, म्हणजे तळाला ऊन मिळते. पण तुमची रांग वीसेक फूट झाली आहे. तिचे कुंपण आता होणार नाही. जुन्या लाकडातून फूट भरवशाची येत नाही, आणि वरून छाटल्यावर जी येते ती फटकन तुटणारी. आकार हवाच असेल तर रांगेच्या आतल्या बाजूला नव्या रोपांची ओळ लावा आणि तिच्यावर कात्री चालवा.

जुन्या रांगेला वारा अडवू द्या, तेच तिचे काम. वारा अडवणारी रांग निम्मी झिरपती असावी. भिंतीसारखी गच्च झाली की वारा वरून उडी मारून आत भोवरे करतो, आणि तुमच्या सुपारीच्या झावळ्या तिथेच मोडतात. म्हणून खालच्या फांद्या काढून बुंधे उघडे करू नका. फक्त वाळलेल्या, लोंबत्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. समुद्राकडची करपलेली, खुरटी बाजू ‘वाईट दिसते’ म्हणून लोक साफ करतात. ती ढाल आहे. तिने मिठाचे तुषार झेलले म्हणून मागचे हिरवे आहे; ती काढलीत की पुढच्या मोसमात तिच्यामागची फळी करपते. तुमच्या हद्दीबाहेर पुळणीवर जी सुरूची बने आहेत त्यांना हात लावू नका, ती तुमची नाहीत.

कुंड्यांतली मोरपंखी सोपी आहे. बाहेरचा हिरवा थर पातळ असतो, आत सगळे तपकिरी. कात्री त्या हिरव्या थरातच राहिली पाहिजे. एकदा तपकिरीपर्यंत गेलात की तिथे कायमचे भोक. थोडे थोडे, वर्षातून दोन-तीनदा. आतली सुकलेली पाने हाताने झाडून काढा, मार्चनंतर कोळी कीड दिसली तर पाण्याचा जोरात फवारा मारा. आत हात घालण्यापूर्वी गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे काठीने हलवून बघा. तिथे त्यांना फार आवडते.

जपानी आकारच हवा असेल तर सगळी हौस पोडोकार्पसवर भागवा. दिसायला गडद, लांबट पानांचे, नर्सऱ्यांत सहज मिळते, आणि जून लाकडातून पुन्हा फुटते, म्हणजे हात चुकला तरी झाड माफ करते. जपानमध्येही किनाऱ्याच्या गावांत समुद्रवाऱ्याला आडोसा म्हणून त्याची कुंपणे करतात आणि ढगांचे आकार त्यावरही कातरतात. कोकणाच्या पावसात मला ते पाइनपेक्षा कितीतरी भरवशाचे वाटते. जाता जाता, द्वीपकल्पीय भारतात जंगलात मूळचे असलेले एकमेव सूचिपर्णी झाड याच कुळातले आहे, पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे.

हत्यारांबद्दल थोडेच. सिकेटर धारदार हवा, जाड फांदीला छाटणीची करवत. कोयत्याने फांदी तोडली की साल चिरत खाली जाते, म्हणून कोयती माडासाठीच राहू द्या. जड फांदी तीन कापांत काढा: खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट, मग थोडे पुढे वरून, आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट खोडाच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. तो कडा कापू नका, तिथूनच जखम भरते, आणि पाय ठेवायला म्हणून खुंट्याही ठेवू नका. पाडेल्यांना माडावर चढायची सवय. आरोकेरियाच्या फांद्या त्यांचे वजन पेलत नाहीत, हे आधीच सांगा आणि दोर खोडाला बांधायला लावा. आरोकेरिया आणि पाइन जखम स्वतःच्या चिकाने बंद करतात, त्यांना काही फासायला नको. सुरूच्या मनगटाहून जाड कापांना बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र. लोखंडी पाते बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा. तारेखालचे झाड आधी, वादळांच्या दिवसांपूर्वी, म्हणजे एप्रिलअखेर उतरवा. त्याच वेळी सुरूच्या वाळक्या फांद्या. जून ते सप्टेंबर कात्री बंद, फक्त मोडलेले काढायचे. पावसाळा सरला की मोरपंखी आणि सुरूची नवी ओळ, थंडीत परसातला पाइन. छाटणीनंतर युरिया टाकायचा मोह होतो, टाकू नका. त्याने आलेली लुसलुशीत फूट पहिल्याच खाऱ्या वाऱ्यात जळते. शेणखत आणि सुरूच्या पाचोळ्याचे आच्छादन पुरे, पण पाचोळा बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते.

परसातल्या झाडाच्या सुयांच्या जुडग्याचा आणि शेंड्याचा जवळून घेतलेला फोटो पाठवा. जुडग्यात तीनऐवजी दोन सुया असतील तर जात वेगळी आहे आणि कोंब मोडायची वेळही बदलेल.